जीपची पायरी, आक्काची वीत

ता. २० ऑगस्ट १९६१, रविवार

श्री.
जीप ओढ्यात बसली. चाकं फिरत होती, पण पोट दगडावर. दत्तू म्हणतो, "आण्णा, दगडच वर आला." पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली लोंबते. तिला खालून पोचा आला आणि शिवणीतून थेंब थेंब सुरू झाला. अंगाचा साबण मळून लावला, तेव्हा थांबलं. एवढं नुकसान झालं, वाईट वाटायला हवं. पण आम्ही दोघे भाऊ गुडघाभर पाण्यात उभे राहून हसत होतो. तो चाळिशीतला, मी पन्नाशीला टेकलेला. लष्कराच्या लिलावातली ही गाडी सोलापुराहून आणल्यापासून असंच चाललंय. स्टिअरिंग डाव्या हाताला, दारं नाहीत, टप ताडपत्रीचं. बैल न जुंपता ओढा चढता येतो हे अजून खरं वाटत नाही.

एक गोष्ट मनात आहे, इथं लिहून ठेवतो. या नवरात्रात आक्काला तुळजापूरला न्यायचं. अजून कुणाला बोललो नाही.

ता. २२ ऑगस्ट, मंगळवार

बोललो. राहवलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा दत्तू रांगत होता. आक्का विधवा होऊन माहेरी आली होती, तिनंच आम्हा दोघांना वाढवलं. तिचं एक नवरात्र चुकलं नाही कधी. अनवाणी, पायी तुळजापूर. दोन वर्षांमागं गोठ्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून काठी घेऊन ओटा ते अंगण, अंगण ते ओटा. एसटीची पायरी चढवत नाही, बैलगाडीचे हिसके सोसत नाहीत.

जीप अंगणात उभी केली. आक्का काठी टेकत आली, गाडीभोवती फिरली. मग आत बसायच्या जागेकडं बघून मला म्हणाली, "हे तर कमरंइतकं हाय रं, गोविंदा."
दत्तू म्हणाला, "मी उचलून बसवतो की."
"हात लावू नको. मला उचलायचं ते एकदाच, चौघांनी. तवर मी माझ्या पायानं."
सौ. म्हणाली, "वन्सं, गाडी ओट्याला लावली तर?"
"आन तितं उतरू कुटं? देवीच्या मांडीवर?"

हसलो सगळे. पण आक्का जाताना बैठकीच्या गादीवर हात फिरवून गेली. ते मी बघितलं.

ता. २७ ऑगस्ट, रविवार

नळदुर्गला हुसेनभाई मिस्त्रीकडं. टाकी उतरवून डाग दिला. मग म्हटलं, कडेला काहीतरी बसवा. दगड लागला तर टाकीला लागू नये आणि माणसाला पाय ठेवून चढता यावं.

तो गाडीखाली शिरून बराच वेळ नुसता हं हं करत होता. बाहेर आला तो बोटं दाखवत. "आण्णासाब, दो काम हैं तुमारे. टाकी बचाना, और आपा को चढ़ाना. टाकी के वास्ते लोहा उप्पर होना, आपा के वास्ते नीच्चे होना. एकीच पायदान दोनों काम कैसा करता, बोलो?"

रस्ताभर तेच डोक्यात. वर लावावं तर आक्काला उंच. खाली लावावं तर ओढ्यातला पहिलाच दगड तोडणार.

तो पायदान म्हणतो. मला तो शब्द नको वाटतो, पाय पुसायचं आठवतं. मी पायरी म्हणतो. पायरी म्हटलं की आधी हात खाली जातो, मग पाय.

ता. ३ सप्टेंबर, रविवार

सोलापूर, भंगारबाजार. दत्तूबरोबर. दुपारचं जेवण विसरलो, इतकं बघायला होतं!

तीन चिजा बघितल्या. एक, पाण्याचा जाड पाइप. मजबूत, पण गोल, चिखलाचा पाय घसरणार. दोन, अँगल आणि वर सपाट पत्रा. त्यावर चिखल साचून राहील. तिसरी बघितली आणि तिथंच उकिडवा बसलो. लढाईच्या वेळी माळावर विमानं उतरायला लोखंडी पट्ट्या अंथरत, गोल गोल भोकांच्या, त्यातली एक. कडा वळवलेल्या, हाताला वाकत नाही. चिखल भोकातून खाली, पाय वर! भंगारवाला म्हणाला, हिच्यावर विमान उतरलंय, तुमच्या आक्काचं काय घेऊन बसलात. घेतली. पाइपही घेतला.

येताना पट्टी मांडीवर घेऊन बसलो. दत्तू म्हणाला, "आण्णा, वहिनी आल्या तेव्हा एवढं जपून आणलं नव्हतं."

ता. ५ सप्टेंबर, मंगळवार

पूजेला बसलो. आरती तोंडानं चालू, डोळ्यांपुढं पट्टी. कुठं कापायची, कुठं भोक पाडायचं. दोनदा कडवं चुकलो. सौ. आतून दुरुस्त करत होती. देवीची क्षमा मागितली. मग वाटलं, हिच्याकडंच तर जायचंय. तिला ठाऊक असेल कशाचा विचार चाललाय ते.

पोळा

बैल धुतले, शिंगं रंगवली. दत्तूनं जीपच्या दिव्यांवरही हिंगूळ ओढला. चांगली दिसतेय.

दुपारी ओट्यावर पट्टी मांडली. आक्काला म्हटलं, पाय ठेवून बघ. ठेवला. लगेच काढला.
"चावतंय रं हे."
"चप्पल घातली तर?"
नुसती बघत राहिली. तुळजापूरला चप्पल घालून जाणार, आक्का! मला विचारायचं कसं सुचलं?

म्हणजे विमानाला चालली ती पट्टी आक्काला चालत नाही. नंतर खट्टूच होतो. संध्याकाळी गोठ्याच्या आढ्याला अडकवलेली जुन्या छकड्याची फळी दिसली. बाभळीची. छकडा मोडला तेव्हा ठेवून दिली होती. माणसांच्या पायांनी घासून मधे खोलगट झालेली. आणून आक्काच्या पायाशी ठेवली. तिनं अंगठ्यानं चाचपली. "ही वळखीची हाय."

ठरलं. खाली लोखंड दगडासाठी, वर लाकूड पायासाठी. झोपायच्या आधी तीनदा सौ.ला सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "व्हय व्हय, खाली लोखंड."

ता. १४ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं! नळदुर्गच्या बाजारात. वाण्याच्या दुकानापुढची फळी. दिवसा खाली पाडून त्यावर पोती मांडतो, दुकान मिटताना वर उचलून आडणा घालतो. रोज बघतो, पण आज बघितली.

पळतच हुसेनभाईकडं. पायरी बिजागरीवर टांगायची. माणूस चढायचा तेव्हा खाली. गाडी चालली की वर उचलून खुंटी घालायची, ओढ्यातले दगड खालून गेले तर जाऊ देत. आणि डाव्या अंगाला, जिथं टाकी आहे, तिथं पायरी नकोच. तिथं पाइप, उंच आणि घट्ट, नुसता मार खायला.

हुसेनभाई मान हलवत होता. "दोनों बाजू अलग? जोड नहीं दिखता, आण्णासाब. एक पाँव में जूता, एक में चप्पल."
म्हटलं, असू द्या. आक्का उजव्याच अंगानं चढणार.
"ये बिजागरी बजती रहेगी."
वाजू द्या.
शेवटी तो हसला. म्हणाला, चाळीस वर्षं लोखंड ठोकतोय, दुकान गाडीला लावा म्हणणारा पहिलाच भेटला.

जमिनीपासून किती उंच, हे त्यानं विचारलं. घरचा ओटा मोजून आलो होतो, आक्का तेवढी सहज चढते. सांगितलं, एक वीत आणि वर दोन बोटं.

ता. २४ सप्टेंबर, रविवार

पायरी बसवून आली. डाव्या अंगाला काळा पाइप, उजव्या अंगाला आपली फळी, लोखंडी पट्टीत जडवलेली. खुंटीला साखळीसुद्धा. मी तीन वेळा चढलो, तीन वेळा उतरलो.

आक्काला हाक मारली. ती आली, काठी दत्तूकडं दिली, एका हातानं टपाची सळई धरली, पाय उचलला. पोचेना. पुन्हा उचलला. चेहरा आवळला. "जाऊ दे," म्हणाली, आणि काठी मागितली.

मी वाकून मोजलं. एक वीत दोन बोटं असायला हवी, तर माझी चांगली दीड वीत भरली. चूक काय झाली कळेना. मग हुसेनभाईचा हात डोळ्यांपुढं आला. त्याचा पंजा म्हणजे सूप. वीत त्यानं त्याची घेतली!

दत्तू पोट धरून हसत होता. मीही हसलो, आक्का आत गेल्यावर. पण ती आत गेली ती भिंतीकडं तोंड करून पडली. नवरात्र जवळ आलंय.

ता. १ ऑक्टोबर, रविवार

पायरी उतरवून घेतली. या वेळी माझ्या वितीची काडी तोडून नेली. हुसेनभाईनं ती स्वतःच्या पंजात धरून बघितली आणि म्हणाला, "ये बित्ता है? बच्चे का है ये." माझा हात लहान आहे हे मला पन्नाशीला कळतंय. पण बिजागरीला जागा हवी म्हणून त्यालाही काडीइतकं खाली उतरवता आलं नाही, थोडं वरच राहिलं. बघू.

येताना ओढा. मुद्दाम त्याच दगडावरून. धडाम् आवाज झाला आणि मग घंटेसारखा घुमत राहिला. पाइपनं मार खाल्ला, टाकी शाबूत! दत्तूनं गाडी मागं घेऊन पुन्हा तसंच केलं. मी ओरडलो नाही. मलाही ऐकायचं होतं. उजवीकडची खुंटी निसटून पायरी मधेच खाली पडली आणि दगडाला घासली. लोखंडावर ओरखडा, लाकडाला काही नाही. खुंटीला आता सुतळी.

ता. ६ ऑक्टोबर, शुक्रवार

आक्का चढली.

हात लावू दिला नाही कुणाला. आधी वाकून फळीला शिवली, हात कपाळाला. मग चांगला पाय वर, क्षणभर तशीच. ओठ दाबलेले. मग दुसरा पाय ओढून घेतला, वळली आणि बसली. पदर नीट केला. आम्ही सगळे नुसते उभे.
"बगत काय बसलाय? हाकला की!"

मारुतीपर्यंत जाऊन आलो. दोन वर्षांनी तिनं मारुतीचं देऊळ बघितलं. दत्तूला म्हणते, "बैलं चुकली तर हाक मारता येती, हिला काय म्हनायचं?" उतरतानाही स्वतः उतरली.

डोळे भरून आले. देवीनं ऐकलं म्हणावं तर पायरी आम्ही केली, आम्ही केली म्हणावं तर दुकानाची फळी त्याच दिवशी कुणी दाखवली? असो.

घटस्थापना, मंगळवार

घट बसले. नवमीला सकाळी निघायचं ठरलं. देवी दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन करून पलंगावर निद्रेला जाते, ती पौर्णिमेपर्यंत. तेव्हा दर्शन त्याच्या आतच. आक्कानं इरकल लुगडं काढून ठेवलंय. मी रोज पायरीच्या बिजागरीला तेल घालतो. दत्तू म्हणतो, पोळीवरसुद्धा एवढं तूप घेत नाही आण्णा.

ललितापंचमी

घटातलं धान वीतभर झालं, सौ. म्हणाली. दत्तू म्हणाला, "कुणाच्या वितीनं?"

खंडेनवमी

काय लिहू.

पहाटे उठून नांगर, विळे, कोयते मांडले. त्यांची पूजा झाली. मग सौ. ताट घेऊन जीपकडं गेली. मी आंघोळीला. येऊन बघतो तर चाकांना, दिव्यांना हळदीकुंकू, ते ठीक. पण पायरीवरही! फळीच्या मधोमध, जिथं पाय ठेवायचा तिथंच, कुंकवाचं स्वस्तिक, वर फुलं, दोन्ही टोकांना हळदीची बोटं.

आक्का तयार होऊन आली. बघितलं. थांबली.
"ह्याच्यावर पाय ठिऊ?"
मी म्हटलं, पुसून टाकतो.
"पुजल्यालं पुसतोस? आज?"
मी सौ.कडं वळलो, आवाज चढला माझा. ती बिचारी ताट धरून उभी. म्हणाली, "तुम्हीच तर दोन महिने पायरी पायरी करताय. पायदान म्हणाला असतात तर कशाला लावलं असतं?"


मग तीच पुढं म्हणाली, "आणि वन्सं, तुळजापूरला बाया नवस फेडायला प्रत्येक पायरीला हळदीकुंकू लावतात. त्यावरूनच आपण उतरतो की देवळात."

उतरतो.

दत्तूनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. देऊळ खाली आहे. महाद्वारातून आत गेलं की दगडी पायऱ्या, खाली, आणखी खाली. लहानपणापासून उतरतोय चढतोय त्या. कितीदा गेलो, मोजदाद नाही. आणि दोन महिने मी एका पायरीमागं धावलो, विती मोजल्या, भंगारबाजार पालथा घातला, आणि त्या पायऱ्या एकदाही मनात आल्या नाहीत. कुणाच्याच.

आक्का ओट्यावर बसली आणि हसायला लागली. "आत्ता आठवलं व्हय रं तुमाला?"

गेलो नाही.

दसरा

सोनं द्यायला आक्काकडं गेलो. आपट्याची पानं हातात ठेवली, पाया पडलो. मग विचारलं.
"तुला पायऱ्या ठाऊक होत्या, तर पहिल्याच दिवशी बोलली का नाहीस?"
"तू लई खुशीत हुतास."
"मग काल कुंकवावर पाय नको होता, की त्या पायऱ्यांची भीती वाटली?"

तिनं पानं चाळवली. "दोनी," म्हणाली. "म्या रोज रातच्याला डोळं मिटून उतरती त्या. वरल्या चार उतरती आन झोप लागती. खरंच उतराय गेलं आन पाचव्याला बसलं तर, गोविंदा? लोकं उचलाय धावत्याल."

मी म्हटलं, वरूनच कळसाचं दर्शन घेऊ. महाद्वारातून कळस दिसतो.
"ते तितं गेल्यावर बगू. आदी जायाला तर पायजे."

म्हणजे येणार आहे. हे लक्षात यायला मला अंगणापर्यंत चालत जावं लागलं.

ता. २२ ऑक्टोबर, रविवार

उद्या कोजागिरी, तुळजापुरात मुंगी शिरणार नाही. गर्दी ओसरली की शुक्रवारी. दत्तूला सांगितलं, डोलीवाले, खुर्चीवाले असलं काही तिथं बोलायचं नाही. सौ.नं स्वस्तिक तसंच ठेवलंय, फळीवरचं. उन्हानं फिकं झालंय. मी पुसलं नाही.

ता. २७ ऑक्टोबर, शुक्रवार. तुळजापूर

हे पायरीवर बसून लिहितोय. वही खिशात होती.

सकाळी निघालो. आक्का फळीला शिवली, कुंकवाला हात लावून हात कपाळाला नेला आणि त्यावरच पाय ठेवून चढली. सौ.कडं बघून म्हणाली, "तुजं खरं हाय, पोरी." सौ.चा चेहरा पाहायला हवा होता. ओढ्यात पाइप वाजला. आक्का म्हणाली, "घंटा बी लावलीस व्हय?" जळकोटपासून डांबरी सडक. वारा. तिचा पदर उडत होता आणि ती धरत नव्हती.

महाद्वारापाशी उतरली. दत्तू जीपपाशी थांबला. सौ. ओटीचं सामान घेऊन पुढं गेली, खाली रांग धरायला. मी आणि आक्का पहिल्या पायरीवर. खाली कळस दिसत होता, ऊन पडलेला. मी हात जोडले. म्हटलं, आक्का, झालं दर्शन, इथंच बसू.

ती ऐकत नव्हती. काठी माझ्याकडं दिली, भिंतीला धरून खाली बसली. पायरीला शिवली. मग पंजा पसरला आणि वीत लावली, खालच्या पायरीपासून वर. अंगठा खाली, करंगळी वर. नेमकी. ना बोटभर जास्त, ना कमी.

"बग. एक वीत. तुज्या पायरीपरास ही बुटकी हाय. त्या मिस्त्रीला सांग, माजी वीत घे म्हनावं."

हुसेनभाईची घेतली, माझी घेतली. जिनं चढायचं होतं तिचा हात मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. वाकून तिच्या वितीला माझी वीत लावून बघितली. माझी मोठी भरली, थोडी.

मग काठी परत घेऊन ती उतरायला लागली. आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. मी एक पायरी खाली, पाठमोरा नाही, तोंड तिच्याकडं करून, हात मागं बांधून. हात पुढं केले असते तर रागावली असती. माणसं कडेनं जात होती. एक बाई प्रत्येक पायरीला कुंकू लावत आमच्या मागून येत होती, ती आक्कासाठी थांबली. आक्का म्हणाली, "तू हो म्होरं, बाई. मला घाई न्हाय."

चौथी झाली. पाचवी झाली. पाचवीवर तिनं माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं.

आता बसलोय दोघं, दम खात. अजून निम्म्याच्या खूप वर आहोत. आणि जेवढं उतरू तेवढं पुन्हा चढायचं आहे, हे तिलाही ठाऊक आहे. खालून नगाऱ्याचा आवाज येतोय. सौ. रांगेतून वर बघतेय, हात हलवतेय.

"काय लिवतुयास? किती झाल्या ते?"
म्हटलं, नाही, मोजत नाही.
"मग ठिव ते. काठी दे."